गिरणीवालीच्या घरी वाटकंदील

हळ्ळीखेडात राजूबाईचं घर कुठं आहे हे विचारावं लागत नाही, जरा वेळ उभं राहिलं की ऐकू येतं. गल्लीच्या तोंडाशी तिनं हाक मारली की मागल्या आळीतलं कुत्रं उठून उभं राहतं. पिठाची गिरणी आधी नवऱ्याची होती. तो गेला आणि गिरणी तिच्या अंगावर आली. पट्टा फिरायला लागला, दगड गरगरायला लागले, की त्या पत्र्याच्या खोलीत माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. ज्वारी कुणाची, डबा कुणाचा, बारीक का जाडं, सगळं ओरडूनच विचारायचं. ओरडून ओरडून गळा तसाच घडला. मग गिरणी बंद झाली तरी गळा काही बंद होईना. घरी ती मीठ मागायची तेसुद्धा गिरणी चालू असल्यागत. "राजूआक्का देवाला हात जोडती तवा देव बी दचकत असंल," असं शेजारची शोभाबाई म्हणायची.

ह्या बाईचा कामातला एक नियम मात्र पक्का होता. गिरणी रिकामी फिरू द्यायची नाही. दाणे संपले की दगडाला दगड लागतो, दगड दगडाला खातो, आणि पुढच्या माणसाच्या पिठात कच येते. भाकरी खाताना दाताखाली करकर वाजली की लोक गिरणीवालीच्या सात पिढ्या काढतात. म्हणून दाणे संपायच्या आत दुसऱ्याचे ओतायचे, नाही तर खटका पाडून गिरणी बंद करायची.

दिवाळीच्या तोंडावर हाच नियम मोडला, तिच्या सुनेकडून.

सून विजयश्री निर्णा गावची. हळू बोलणारी, कामाला चटपटीत. त्या दिवशी सकाळीच तिनं दारावर चांदणीच्या आकाराचा आकाशदिवा टांगला होता आणि मग गिरणीत मदतीला आली होती. दळणाची ही गर्दी. इतक्यात तिचा फोन वाजला. निर्ण्याहून तिचे वडील आप्पाराव बोलत होते. विजयश्रीची आई त्याच उन्हाळ्यात वारली होती. आईविना पहिली दिवाळी, कधी येतीस, म्हणून बाप विचारत होता. ती फोन घेऊन दाराशी सरकली आणि इकडं दाणे संपले. दगडांचा आवाज बदलला. पलीकडं पिठाचे डबे भरत बसलेली राजूबाई तिथूनच कडाडली, "दगड खायलेत दगडाला! तुझी आई काई शिकवायच्या आधीच..."

आणि नेमकी तेव्हा लाईट गेली. पट्टा थांबला, दगड थांबले. त्या एकदम गप झालेल्या खोलीत राजूबाईच्या तोंडातलं उरलेलं वाक्य बाहेर पडलं, "...मेली व्हय?"

गिरणीतल्या बायकांनी ऐकलं, समोरच्या कट्ट्यावरल्या गड्यांनी ऐकलं. फोनच्या पल्याड आप्पारावांनीही ऐकलं.

विजयश्रीनं फोन बंद केला. भाऊबीजेला म्हणून निर्ण्याला गेली ती आलीच नाही. राजूबाईचा मुलगा तानाजी हुमनाबादला एका दुकानात कामाला. रोज बसनं जाणारा, बसनं येणारा, आईच्या आवाजाखाली वाढल्यामुळं स्वतः फारसं न बोलणारा. त्याला तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "हुमनाबादला खोली बगा. न्हाई तर मला न्यायला येऊ नका." येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळे शिवारात जेवायला जमतात. त्या दिवशी आप्पाराव लेकीला घेऊन राजूबाईच्या शेतावर येणार आणि घर एक राहतंय का दोन होतंय ते ठरणार, असं दोन्हीकडून ठरलं.

राजूबाईचा एकुलता एक पोरगा. घर दोन झालं तर तिच्या वाट्याला गिरणी आणि भिंती.

त्या दिवसापासनं तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. गिरणी चालू होती. गिरणीत वरडावंच लागतंय. त्यात माझं काय चुकलं? पाणी शेंदताना तेच, भाकरी थापताना तेच. शेजारणींना सांगून झालं, गिऱ्हाइकांना सांगून झालं, गोठ्यातल्या म्हशीलाही सांगून झालं. तरी आतलं फिरणं थांबेना.

दारावरचा आकाशदिवा मात्र तिनं काढला नाही. त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली, लोकांचे दिवे माळ्यावर गेले, हिचा आपला लोंबतोय. कुणी हटकलं की म्हणायची, "ज्यानं टांगला त्यानं काढावा. म्या काय घरातली गडीन हाव?" आणि तिन्हीसांज झाली की स्वतःच उठून त्याचं बटण दाबायची.

हा आकाशदिवाच पुढच्या सगळ्याला कारण झाला.

शेजारची शोभाबाई ख्रिस्ती. अंगणवाडीत मदतनीस, नवरा नाही, लेक लग्न होऊन बीदरला. नाताळाच्या आधीचे चार आठवडे तिच्या लोकांचे आगमनाचे दिवस. त्या दिवसांत त्यांच्या चर्चमधून एक जुना कंदील निघतो. काच तडकलेली, तारेनं बांधलेली, तेलाची टाकी कधीकाळी लाल असावी. त्याला ते वाटकंदील म्हणतात, वाट बघायचा कंदील. दर ऐतवारी दिवेलागणीला तो एका घरी जातो आणि पुढच्या ऐतवारपर्यंत तिथंच तेवत राहतो. त्या घरानं दोन गोष्टी पाळायच्या. आठवडाभर कुणावर आवाज चढवायचा नाही, आणि रोज सांजेला कंदिलासमोर काही न बोलता बसायचं. आठवडा झाला की कंदील कुठं द्यायचा ते त्या घरानंच ठरवायचं. शेवटच्या ऐतवारी मात्र तो चर्चमध्ये लागतो, कारण नाताळाच्या रातीला सगळ्यांच्या मेणबत्त्या त्याच्यावरूनच पेटतात. रॉकेल आता रेशनवर मिळत नाही. बायका वर्षभर कुठून कुठून आणून एक बाटली जपून ठेवतात.

कंदील नेतो येशप्पा, चर्चचा म्हातारा सेवक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वाटेत त्यानं बोलायचं नाही आणि बरोबर कुणी जायचं नाही, अशी रीत. ह्या वर्षी तिसऱ्या ऐतवारी कंदील शोभाबाईकडं यायचा होता. पयल्यांदाच. तिनं भिंतीला चुना दिला, नवी चांदणी आणली, आणि ऐन वक्ताला त्या चांदणीच्या वायरीचा गुंता सोडवत घरात बसली. येशप्पाला सांगितलं होतं, दारावर चांदणी लागलेली दिसंल ते घर. त्याला अंधुक डोळ्यांना लागलेली चांदणी दिसली. ती राजूबाईच्या दारावर होती.

राजूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. म्हातारा पुढं आला, कंदील तिच्या हातात दिला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "ह्या घराला शांती असो." मागं वळून चालूही लागला.

राजूबाईच्या दाराशी आजवर लोक दळण घेऊन आले होते, भांडण घेऊन आले होते. असलं काही घेऊन कुणी आलं नव्हतं. ती कंदील धरून तशीच बसून राहिली.

एवढ्यात शोभाबाई धावत आली. "आगं आक्का, माजा हाय तो! चुकून दिला त्यानं!"

"चुकून दिला तर चुकून दिला," राजूबाई म्हणाली. "पर आता परत कसा देऊ? दिवेलागणीला घरात आलेला दिवा कुणी भाईर काडतंय व्हय? लक्ष्मी असती ती."

"लक्ष्मी न्हाई गं, आमचा वाटकंदील हाय."

"तुमचा असंल. उंबरा माजा हाय."

शोभाबाईनं धावत जाऊन येशप्पाला परत आणलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, चांदणीकडं बघितलं, राजूबाईकडं बघितलं. "एकदा टेकला की ऐतवारपतोर हलवायचा न्हाई, बाई. म्या चुकलो असन. कंदील चुकला का, ते मला काय ठाव?"

शोभाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातच हसूही आलं. "आठवडाभर आवाज चढवायचा न्हाई म्हणं, ह्या घरात! कंदीलच पळून जाईल की रं येशप्पा."

"कामून? मला काय गप बसता येत न्हाई?" राजूबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की वात हलली. तिघांनीही ती हललेली बघितली. राजूबाईनं तोंडावर हात ठेवला.

"पर हे सगळं कशापायी करायचं?" तिनं हाताच्या आडून विचारलं.

"राजा यायचाय," येशप्पा म्हणाला. "येताना तो वाजत गाजत येत न्हाई. घर गप असलं तरच कळतंय आला म्हून."

राजूबाईला हळू बोलायची सवयच नव्हती. मोठ्यानं म्हणजे किती आणि हळू म्हणजे किती, तिला अंदाज येईना. म्हणून तिनं बोलणंच टाकलं. नियम घरापुरता होता, पण एका खोलीत ओरडून दुसऱ्या खोलीत गप बसणं तिला जमण्यातलं नव्हतं. गिरणीतही ती हातानं विचारायला लागली. चिमूट दाखवली तर बारीक, मूठ दाखवली तर जाडं. गिऱ्हाइकं घाबरली. कुणी हळदीचं दूध आणलं, कुणी ज्येष्ठमध. एक म्हातारी म्हणाली, "घसा बसलाय बिचारीचा. देवानं सुनेचं गाऱ्हाणं ऐकलं." राजूबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत. तिनं ते गिळलं. घशातून खाली जाताना ते मिरचीगत झोंबलं.

सांजेला शोभाबाई तिच्या घरी यायची, दोघी कंदिलापुढं बसायच्या. आपला हुकलेला कंदील दुसऱ्याच्या घरात बघत बसायचं, हे सोपं नव्हतं. पण शोभाबाई आली.

"बसून काय म्हणायचं?" राजूबाईनं पयल्या दिवशी विचारलं.

"काईच न्हाई."

"नुसतं?"

"नुसतं."

पयल्या सांजेला राजूबाईच्या गुडघ्यात कळा आल्या, नाक खाजलं, उद्याचं कालवण आठवलं, आणि ह्या सगळ्याच्या बुडाशी ते वाक्य घरघरत राहिलं. गिरणी चालू होती, गिरणीत वरडावंच लागतंय. दुसऱ्या सांजेला तेच. तोंड बंद केल्यामुळं आतलं उलट जास्तच ऐकू यायला लागलं.

मग एका सांजेला झालं ते असं.

बाहेर थंडी पडली होती. तानाजीची बस अजून आली नव्हती. कंदिलाची वात सरळ उभी होती. राजूबाईच्या डोक्यात ते वाक्य आलं, गेलं, परत आलं. आणि गिरणीतल्या बाईला जसा न बघता आवाज कळतो तसा तिला तो आवाज कळला. ह्या वाक्यात दाणाच नाही. दिवाळीपासनं ती रिकामी गिरणी चालवत होती. दगड दगडाला खात होता, आणि तोंडातल्या प्रत्येक घासाला जी कच लागत होती ती इथली होती.

तिनं खटका पाडला नाही. कसा पाडतात ते तिला ठाऊकही नव्हतं. नुसतं कळलं, आणि ते फिरणं आपोआप मंद झालं आणि थांबलं.

मग तिला वातीचा आवाज ऐकू आला. जळत्या वातीला आवाज असतो हे इतक्या वर्षांत तिला माहीत नव्हतं. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती, ते ऐकू आलं. आढ्याला भुंगेऱ्यानं कोरलेल्या लाकडाचा भुसा कुठंतरी झरत होता, ते ऐकू आलं. शोभाबाईचा श्वास ऐकू आला आणि त्याच्या बाजूनं आपला स्वतःचा. आणि ह्या सगळ्या आवाजांच्या मागं एक गप्पपण होतं, केवढं तरी मोठं. तिचं ते दोन खणांचं घर, आणि त्यात ते मावत कसं होतं कोण जाणे. नांगरून पडलेल्या काळ्या रानासारखं ते पसरत गेलं होतं, त्याला बांध दिसेना. कुणीतरी आलंय आणि शेजारी बसलंय, असं तिला स्पष्ट वाटलं. तिनं शोभाबाईचा हात घट्ट धरला.

"शोभे," ती कुजबुजली, "कोण आलंय गं?"

शोभाबाईनं इकडं तिकडं बघितलं. "कुणी न्हाई, आक्का."

"न्हाई कसं?"

शोभाबाईनं नुसता पदर डोक्यावर ओढून घेतला. थोड्या वेळानं राजूबाईनंही घेतला.

येळवस उजाडली. सगळं गाव घराला कुलपं लावून शिवारात. राजूबाईच्या रानात तानाजीनं कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली होती. आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले होते. शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबिलीची मडकी, सगळं गाडीतून आलं. येळवशीला कुणाच्याही रानात कुणीही जेवायला जातं, तिथं जात-धर्म विचारत नाहीत, म्हणून शोभाबाईही होती. आणि राजूबाईच्या हातात कंदील होता. हलवायचा न्हाई म्हटलं होतं खरं, पण पाहुण्याला एकट्याला घरात कोंडून कसं यायचं, म्हणून तिनं तो पदराआड धरून चालत आणला आणि कोपीत पांडवांच्या बाजूला ठेवला. बाहेर वाऱ्यानं ज्वारीची कणसं डोलत होती, कोपीत वात हलत नव्हती.

आप्पाराव आले. मागं विजयश्री. जेवणाआधीच आप्पारावांनी विषय काढला. त्यांनी बोलणं पाठ करून आणलं होतं हे दिसत होतं.

"इहिणबाई, माजी लेक म्हंजे काय दळण न्हाई, तुमच्या दगडात घालायला. तिच्या आईचं वर्षश्राद्ध बी झालं न्हाई अजून. तुमाला देवानं तोंड दिलंय, कान द्यायला इसरला व्हय तो?"

तानाजी मान खाली घालून उंडे मोडायला लागला. बांधावरचे शेजारी जेवता जेवता थांबले. आता राजूबाई फुटणार. अशा बोलण्याला ती काय उत्तर देते ते सगळ्या शिवाराला पाठ होतं.

राजूबाई गप. आप्पारावांनी अजून दोन शब्द वाढवले. ती गप. उत्तर येत नाही म्हटल्यावर आप्पारावांचंच बोलणं लंगडायला लागलं, भांडण एका हातानं किती वाजवायचं? शेवटी विजयश्रीच भडकली. "बोला की, आत्याबाई! आता कामून गप बसलाव? गिरणी चालू न्हाई म्हून?"

राजूबाई उठली. वाकून कोपीत शिरली आणि आतून हातानं खूण केली, ये. विजयश्री बापाकडं बघत राहिली. मग वाकून आत गेली. कोपीत उभं राहता येत नाही, बसावंच लागतं. दोघींच्या मधे कंदील.

राजूबाईच्या तोंडातून आलं ते एवढं बारीक की विजयश्रीला पुढं झुकावं लागलं. राजूबाईला स्वतःलाही तो आवाज ओळखू आला नाही.

"विजे, त्या दिशीचं म्या सगळ्यांला सांगत बसले, गिरणी चालू होती म्हून तोंडातनं गेलं. लबाड बोलले. गिरणी बंद असती तरी बी म्या ते बोलले असते."

विजयश्रीचा चेहरा दगडासारखा झाला.

"तू तुज्या आईशी फोनवर बोलायचीस. हळूच. हसून. मला भिंतीपल्याड नुसती कुजबूज यायची. माज्याशी तसं हळू आजवर कुणी बोललं न्हाई. मला ते सोसत नव्हतं. ती मेली तरी मला ते सोसत नव्हतं." ती थांबली. "एवढंच खरं हाय. बाकीचं रिकामं दळण."

बाहेर कुणीतरी रिवाजाप्रमाणं पिकावर आंबील शिंपडत आरोळी देत होतं, ती लांब गेली. विजयश्री वातीकडं बघत होती. रडली नाही, पाया पडली नाही. मग म्हणाली, "तुमच्याशी हळू बोललं तर ऐकू येतंय व्हय तुमाला?"

"आता येतंय," राजूबाई म्हणाली.

मग दोघी तशाच बसल्या. कोपीच्या फटीतून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या, दिवसाउजेडी कंदिलाचा उजेड तो काय दिसायचा, पण विजयश्रीची नजर हलेना. हळूहळू तिचे खांदे खाली आले. दिवाळीपासनं तिनं ते वर धरून ठेवले होते.

राजूबाईनं कंदील उचलून तिच्या हातात दिला. "हे घेऊन जा. कुणावर आवाज चढवायचा न्हाई, आन सांजेला ह्याच्यासमोर नुसतं बसायचं. ऐतवारी दिवेलागणीला हा चर्चमध्ये लागतोय."

"मी येते म्हणाले न्हाई."

"म्या बी ये म्हणले न्हाई. कंदील लागतोय म्हणले."

कोपीच्या तोंडाशी बसलेल्या शोभाबाईला आंबिलीचा ठसका लागला. ती आत डोकावली. "आगं आक्का, निर्ण्याला? ऐतवार आला न्हाई अजून! आन तिनं न्हाई आणला तर? चर्चमध्ये लोक माजी चटणी करतील."

"कंदील धरणाऱ्यानं पुढचं घर निवडायचं, तूच म्हणली होतीस."

शोभाबाईनं हळूच पिशवीतून रॉकेलची बाटली काढून विजयश्रीपुढं ठेवली. "वात लई वर करू नको, पोरी. काजळी धरती."

राजूबाई घरी आली. कंदील नव्हता. सांज झाली तशी सवयीनं ती त्याच जागेवर जाऊन बसली. फरशीवर टाकीचा गोल डाग पडला होता, त्याच्याकडं तोंड करून. तिला वाटलं होतं, कंदील गेला म्हणजे ते गप्पपणही गेलं असणार. ते होतं. त्या डागावर, भिंतीवर, तिच्या आत. तेवढंच मोठं. दुसऱ्या दिवशी गिरणी चालू केली, पट्टा फडफडायला लागला, पत्रा थरथरायला लागला, आणि तिला वाटलं, आता गेलं. कानात दगडांचा गडगडाट आणि त्याच्या आत, विहिरीच्या तळाला पाणी असतं तसं, ते हललं नव्हतं. तिनं खटका पाडला, परत चालू केला, परत पाडला. गिऱ्हाइकाला वाटलं मोटार बिघडली. राजूबाई दोन्ही हात पिठात घालून तशीच उभी राहिली. हे माझ्याजवळ कुणी ठेवलं? एवढ्या तोंडाळ बाईजवळ?

ऐतवारी दिवेलागणीला चर्चच्या अंगणात लोक जमले. कंदील निर्ण्याला गेल्याचं सगळ्यांना कळलं होतं, आणि शोभाबाईचं काय व्हायचं ते झालं होतं. "परक्याच्या हाती दिला." "ती पोरगी तर माहेरी बसलेली, ती कशाला येतीय?" राजूबाई फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिच्या नावानं बोललेलं तिला नीट ऐकू येत होतं. ती उलटून बोलली नाही.

अंधार पडला. येशप्पा पायरीवर बसला होता. कुणीतरी म्हणालं, दुसरा दिवा लावू या आता.

"कशाला?" म्हातारा म्हणाला. "वाट बगायचेच दिस हायेत हे. बगा की वाट."

बघायला लागले. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक, धूळ आणि दिवे. प्रत्येक दिव्याला राजूबाईच्या छातीत काहीतरी उठायचं आणि ट्रॅक्टर पुढं निघून जायचा. आणि गंमत अशी की त्या उठण्याच्या खालीही ते पाणी गप होतं. न आली तर? प्रश्न होता, पण तो तिला खात नव्हता.

मग रस्त्याच्या कडेनं एक उजेड आला. ट्रॅक्टरचा नाही, त्याहून कितीतरी बारीक, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर, सावकाश. उसाच्या गाड्यांत अडकून आप्पारावांची मोटारसायकल मागं राहिली होती. ते तिथंच, आणि विजयश्री उतरून चालत आली होती, काचेभोवती पदराचा आडोसा धरून. उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता. अंगणातलं बोलणं आपोआप थांबलं. म्हाताऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्या कुणासाठी उभ्या राहिल्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

विजयश्रीनं कंदील शोभाबाईच्या हातात दिला. शोभाबाईनं तो छातीशी धरून आत नेला. एवढे दिवस हुकलेला कंदील, वेदीपर्यंतची वाट तेवढी तिच्या वाट्याला आली. ती पावलं मोजून टाकावीत तशी सावकाश चालली.

विजयश्री राजूबाईशेजारी येऊन भिंतीला टेकली. "आप्पा रडले," ती हळूच म्हणाली. "आई गेल्यापासनं रडले नव्हते. काल सांजेला कंदिलासमोर बसले आन रडले. मग झोपले. एवढं शांत झोपलेलं मी त्यांना बगितलंच नव्हतं."

राजूबाईला ऐकू आलं. एकही शब्द परत विचारावा लागला नाही.

घरी आल्या तेव्हा आप्पारावांनी विजयश्रीची कपड्यांची पिशवी दारापुढच्या कट्ट्यावर ठेवलेली होती. राजूबाईनं पिशवीकडं बघितलं.

"हुमनाबादची खोली बगून ठिवा म्हणलंय ह्यांना," विजयश्री म्हणाली. "संक्रांतीपतोर ऱ्हाते. मग बगू."

"बगू," राजूबाई म्हणाली.

दारावर चांदणी लागलेली, लोंबत होती. विजयश्रीनं स्टूल ओढलं. "दिवाळी होऊन किती दिस झाले! काडला कामून न्हाई?"

राजूबाई स्टूल धरायला जवळ सरकली.

"काडू नको गं पोरी!" चर्चहून परतणारी शोभाबाई गल्लीच्या तोंडावरूनच ओरडली. "येशप्पाला फुडच्या साली घर कसं सापडायचं? तुजी सासू कंदिलाबिगर..."

आणि लाईट गेली. चांदणी विझली, समोरचा टीव्ही विझला, गल्लीच्या वरच्या अंगाची पिठाची दुसरी गिरणी घरघरत थांबली. शोभाबाईचं वाक्य तसंच अर्धं राहिलं, तिनं ते पुरं केलं नाही. विजयश्री स्टुलावर उभी होती, एक हात विझलेल्या चांदणीवर, दुसऱ्या हातानं तिनं तोल जाऊ नये म्हणून सासूचा खांदा धरला होता. लांब चर्चच्या उघड्या दारातून कंदील तेवढा दिसत होता. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ह्या बारीला कुणी काही बोललं नाही.